‘म्याव’ला यमक मिळालं, ‘गुरगुर’ला काय करू?

मंगळवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घराच्या खालच्या दोन खोल्यांत मी बालवाडी चालवते. पोरांची गाणी मी स्वतःच जुळवते, म्हणजे त्यात त्यांच्या बोलण्यातले शब्द येतात. यंदा मांजरावर गाणं करायला घेतलंय आणि एका शब्दापाशी अडून बसले आहे.

‘म्याव’चं काही अडलं नाही. गाव, नाव, भाव, डाव, पाव, ठाव, धाव, हाव, ताव... एका बैठकीत पानभर शब्द निघाले. दुधावर ताव मारला, पळून गाठलं गाव, अशा ओळी पोरांनी दुसऱ्या दिवशी पाठ म्हटल्या.

मग मांजर मांडीवर बसून करतं तो आवाज घ्यायचा ठरवला. आमच्यात सगळे त्याला गुरगुरच म्हणतात. परवा मनी माझ्या ओच्यात बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, पुढचे पंजे साडीवर उघडमीट करत होते, एकेक नख धाग्यात अडकून सुटत होतं. भावाची मुलगी, चार वर्षांची, शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, “बघ, मनी कशी गुरगुरते.” पोरीने पटकन हात काढला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. “आत्ती, चावणार हाय व्हय ती?”

आदल्याच दिवशी मी वर्गात विचारलं होतं, वाघ कसा करतो? सगळ्या पोरांनी पंजे वळवून ‘गुर्रर्र’ केलं होतं. म्हणजे शब्द मीच शिकवला आणि त्याच शब्दाने मी तिला घाबरवलं. त्या आधीच्या क्षणी ती मांजराला अजिबात भ्याली नव्हती.

तेव्हापासून गाणं बाजूलाच राहिलंय. तुमच्या घरात, गावात या आवाजाला काय म्हणतात? रागाचा शब्द वेगळा आणि सुखाचा वेगळा, असं कुठं आहे का?

गंगावेशचा गडी

ताई, आमच्यात पण गुरगुरच म्हणत्यात. पण तुम्ही लिवल्यावर डोक्यात भुंगा लागला. कुत्रं गुरगुरतं म्हंजे लांब सरायचं, आणि मांजर गुरगुरतं म्हंजे जवळ घ्यायचं. शब्द एकच, आणि अर्थ आम्ही तोंडाकडं बघून लावालोय.

एक बघितलेलं सांगतो. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी येत्यात, समोर धार काढून फेसाचा गिलास हातात देत्यात. तिथं एक करडं मांजर रोज हजर असतंय. ते वरडतच न्हाई. धार काढणाऱ्याकडं बघतंय आणि नुसतं तोंड उघडून मिटतंय. आवाज शून्य. तो बी काय न बोलता करवंटीत थोडं दूध वततो. मी त्याला ‘मुकं म्याव’ म्हणतो. त्याला यमक लागतच न्हाई.

छंदोबद्ध

ताई, तुमच्या ‘म्याव’च्या यादीत एक गंमतीची गोष्ट दडली आहे. जुन्या पुस्तकांत गाव ‘गांव’ असा आणि नाव ‘नांव’ असा छापत. ग्राम आणि नाम या शब्दांतला ‘म’ झिजून ‘व’ झाला, पण जाताना नाकातला उच्चार मागे ठेवून गेला. अनुस्वार ही त्याची खूण. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार काढले तेव्हा ती खूण गेली. मांजराचा आवाजही पुष्कळ जण ‘म्यांव’ असा लिहितात. म्हणजे जुन्या लिपीत म्यांव, गांव, नांव ही एका घरची भावंडं होती आणि घाव, भाव, डाव ही शेजारची. यमक दोन्हीकडे जुळतं, पण पहिलं जास्त घट्ट.

यमक म्हणजे नुसतं शेवटचं अक्षर नव्हे, हे पोरांना सांगायला हवं. ‘म्याव’ आणि ‘जीव’ यांत ‘व’ आहे, तरी कान समाधान पावत नाही. त्याआधीचा ‘आ’ जुळला की पावतो.

‘गुरगुर’ला शब्द कमी नाहीत. हुरहुर, भुरभुर, कुरकुर, चुरचुर, फुरफुर, तुरतुर. व्याकरणात यांना अभ्यस्त शब्द म्हणतात, आणि आवाजाच्या नकलेतून आलेले असले की अनुकरणवाचक. आपली भाषा यात फार श्रीमंत आहे. पाणी खळखळतं, झुळझुळतं, डुचमळतं, आणि प्रत्येक वेळी ते वेगळं पाणी असतं. म्हणून तर मला तुमचा प्रश्न लागला. पाण्याला इतके शब्द देणाऱ्यांनी मांजराच्या सुखाला आणि कुत्र्याच्या रागाला एकच शब्द का द्यावा? तुमची अडचण यमकाची नाहीच. ती अर्थाची आहे.

शाहूपुरीतली सून

आमच्या सासूबाई ‘खुरखुर’ म्हणतात. माहेरी मात्र गुरगुरच.

गोठा ते दवाखाना

मी जनावरांचा डॉक्टर आहे, करवीर तालुक्यात. बहुतेक काम गाईम्हशींचं, पण अलीकडे मांजरंही बरीच येतात. ताईंच्या भाचीने जो फरक ओळखला तो शरीरातही खराच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मिल्ड्रेड मोएल्क नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९४४ साली मांजराचे १६ आवाज नोंदवले आणि तोंडाच्या ठेवणीवरून त्यांचे तीन गट केले. पहिला गट मिटल्या तोंडाचा. मांडीवरचा आवाज त्यातला. मांजरी पिल्लांना बोलावताना ‘म्र्रूं’ असा गोड हेल काढते, तोही त्यातलाच. दुसरा गट तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेल्या आवाजांचा, म्हणजे आपलं म्याव. स्वतः सावकाश म्हणून बघा: ओठ मिटलेले, मग उघडतात, मग गोल होऊन परत जवळ येतात. मांजराचं तोंडही तसंच चालतं. तिसरा गट तोंड ताणून उघडं धरलेल्या आवाजांचा. फिस्कारणं, बोक्यांची भांडणं आणि रागाची गुरगुर त्यात येते. म्हणजे आपण ज्याला एकच गुरगुर म्हणतो त्यातली एक पहिल्या गटात आहे आणि दुसरी तिसऱ्यात. मध्ये अख्खं म्याव बसलंय.

मांडीवरचा आवाज श्वास आत घेतानाही चालू असतो आणि सोडतानाही. म्हणून तो तुटत नाही. सेकंदाला साधारण २५ ते १५० कंपनं असतात, त्यामुळे कानाआधी हाताला कळतो. स्नायू सतत आखडून सैल होतात म्हणून तो येतो, असं बरीच वर्षं मानत होते. २०२३ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. मेलेल्या मांजरांच्या कंठातून नुसती हवा सोडली तरी तसा खोल आवाज आला. स्वरतंतूंमध्ये जाड गाद्यांसारखा भाग असतो, त्याने कंपनं संथ होतात.

आणखी एक. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. पिल्लू आईला करतं, आणि मोठं झाल्यावर मांजर ते माणसासाठी राखून ठेवतं. तेव्हा दूध कट्ट्यावरचं ते मुकं म्याव त्या गवळ्याच्याच नावाचं आहे.

दळणकांडण

मी भुदरगडकडची, लग्नानंतर राजारामपुरीत आले. आमच्याकडे ‘मांजर घरघर करतंय’ म्हणतात. जात्याची घरघर तीच ही. लहानपणी पहाटे आई दळायला बसायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून परत झोपायची. जातं फिरताना तिची मांडी हलायची, आवाज कानात न शिरता डोक्याच्या हाडात शिरायचा. मांजर छातीवर बसलं की मला तेच आठवतं. डॉक्टरांनी ‘कानाआधी हाताला कळतो’ लिहिलंय ते अगदी बरोबर.

छंदोबद्ध काका, जात्यावरच्या ओव्यांना सुद्धा तुम्ही म्हणता तसं घट्ट यमक कुठं असतं? पोथीतल्या ओवीला पहिले तीन चरण जुळवून चौथा मोकळा सोडतात, आणि आमच्या आया तर ते पण मोजत नव्हत्या. जात्याचा फेराच ओळ पुरी करायचा. मुलांच्या गाण्यात पण तसं चालेल.

रात्रपाळी

घरघर शब्द मुलांच्या गाण्यात घेऊ नका, अशी विनंती. माणसाला घरघर लागली म्हणजे काय, ते ज्याने ऐकलंय त्याला पुढं तो शब्द साधा राहत नाही. वडिलांच्या उशाशी मी ती रात्र काढली आहे.

मी रात्रपाळी करतो. पहाटे येताना पेठेच्या बोळात बोके एकमेकांसमोर बसून रडतात, ते हुबेहूब तान्ह्या बाळासारखं. एकदा खरंच कुणी बाळ सोडून गेलंय वाटून मी गाडी लावून शोधत फिरलो. त्या आवाजाला काय म्हणायचं ते मला माहीत नाही, ‘वरडणं’ त्याला पुरत नाही.

दळणकांडण

दादा, माफ करा. तो अर्थ माझ्या ध्यानातच आला नाही. माझ्या कानात फक्त जातंच होतं.

गोठा ते दवाखाना

रात्रपाळी, बाळाच्या रडण्यावरून सांगतो. २००९ साली इंग्लंडमध्ये कॅरेन मॅककॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खायला मागणाऱ्या मांजरांचे आवाज तपासले. त्या मिटल्या तोंडाच्या खोल आवाजात मध्येच एक उंच सूर निघाला, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही तो आवाज जास्त निकडीचा वाटला. पहाटे स्वयंपाकघरात पायात घोटाळणारं मांजर ज्यांच्याकडे आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मंगळवारपेठकरीण

इतक्या मनापासून लिहिताय सगळे, मी दोन दिवस नुसती वाचत होते.

रात्रपाळी दादांचं वाचून एक गोष्ट आठवली. आमची आजी, वडिलांची आई, या आवाजाला गुरगुर म्हणत नव्हती आणि घरघरही. ती म्हणायची, “मांजर दळालंय.” सकाळी चुलीजवळ मांजर बसलं की, “उठवू नका, दळण पुरं होऊ दे तिचं.” हे मी पूर्ण विसरले होते. दळणकांडण ताईंनी जातं काढलं आणि ते वाक्य आजीच्या आवाजात परत आलं.

आजीचं शेवटचं मांजर म्हातारं होऊन गेलं. शेवटचे तीन दिवस ते कोनाड्याखाली पोत्यावर पडून होतं, पाण्यालाही तोंड लावत नव्हतं. पण हात ठेवला की दळायला लागायचं. आम्हा पोरांना वाटलं बरं होतंय, आम्ही आनंदाने आजीला सांगायला धावलो. आजी म्हणाली, “व्हय, दळालंय खरं. पण हे दळण येगळं हाय.” आणि पदराचं टोक दुधात बुडवून त्याच्या ओठाला लावत बसली. संध्याकाळी तिच्या हाताखालीच आवाज थांबला.

डॉक्टर, हे कसं? सुख नसताना ते का करत होतं?

गोठा ते दवाखाना

ताई, मांजर दुखण्यातही हा आवाज काढतं. अपघात झालेलं, विताना अडलेलं, शेवटच्या घटका मोजणारं, सगळी काढतात. पिल्लू डोळे उघडायच्या आधी, आईच्या कुशीत दूध पिताना, हा आवाज काढायला शिकतं. पुढं त्याला कुशीची गरज लागली की तोच आवाज येतो, असा माझा समज आहे. टेबलावर थरथरणाऱ्या मांजराच्या छातीला हात लावल्यावर तो हाताला लागतो तेव्हा मी त्याला खुशी समजत नाही. तुमच्या आजींना ते नाडी न बघता कळलं.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला मात्र हात जोडून सांगणं: मांजर कोपऱ्यात दडलंय, एक दिवसापेक्षा जास्त खात नाहीये, आणि तरी तो आवाज करतंय, तर ‘खुशीत आहे’ म्हणून थांबू नका. मांजराला उपाशी राहणं झेपत नाही, त्याचं यकृत बिघडतं. आणि बोका मातीत वारंवार बसतोय, ओरडतोय, पण लघवी होत नाहीये, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एक बोका माझ्याकडे दोन दिवस उशिरा आला. तो वाचला नाही. घरचे म्हणत होते, म्याव म्याव करत होता, आम्हाला वाटलं भूक लागली असेल.

जुना राजवाडा

वाघाला मांजराचा भाचा म्हणतो आपण, पण आवाजाच्या बाबतीत मांजराचं खरं नातं चित्त्याशी. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. हरणाच्या शिकारीला डोळ्यावर टोपी घालून चित्त्याला गाडीतून न्यायचे, काळवीट दिसलं की टोपी काढून सोडायचे. चित्ता डरकाळी फोडत नाही. त्याचा कंठच तसा नाही. तो मांजरासारखं म्याव करतो, किलबिलल्यासारखी हाक देतो, आणि खुशीत असला की दळतो (आजींचा शब्द मी लगेच उचलला). वाघ, सिंह, बिबट्या डरकाळी फोडतात, पण त्यांना मांजरासारखं अखंड दळता येत नाही.

म्हणजे या गावात शंभर वर्षांपूर्वी अशी माणसं होती, ज्यांनी चित्त्याच्या मानेवर हात ठेवून हा आवाज ऐकला असेल. ते त्याला काय म्हणत असतील, याचा विचार मी काल रात्रभर केला. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. आवाज गेला की त्याच्यासाठी घडवलेला शब्दही जातो. ताई, आजींचा ‘दळालंय’ गाण्यात घालाच.

निपाणीचा पाहुणा

आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. मांजराला आज्जी ‘बेक्कु’ म्हणते, आई ‘मांजर’, पोरं ‘माऊ’. छंदोबद्ध काका, ‘मार्जार’ हे नाव मृज् म्हणजे पुसणं, साफ करणं या धातूवरून आलंय ना? सारखं अंग चाटून साफ करतं म्हणून. आवाजावरून नाव ठेवायचं काम आपल्यात पोरांनीच केलंय. चिनी माणसं मात्र मोठी झाली तरी ‘माओ’ म्हणतात, आणि जुन्या इजिप्तमध्ये मांजराला ‘म्यू’ म्हणत.

मला सांगायचं होतं वेगळंच. जुन्या कन्नड काव्यात यमक ओळीच्या शेवटी नसतं, सुरुवातीला असतं. प्रत्येक ओळीचं दुसरं अक्षर सारखं पाहिजे. पहिल्या ओळीत दुसरं अक्षर ‘र’ आलं की सगळ्या ओळींत दुसरा ‘र’. त्याला प्रास म्हणतात. ताई शेवटच्या शब्दावर अडल्यात, तर तो उचलून पुढं आणा. ओळ त्या आवाजानंच सुरू होऊ दे, आणि शेवटाला तुमचं ‘म्याव-गाव’ राहू दे. आज्जी मांडीवर थोपटताना तसंच म्हणते, थाप पहिल्या शब्दावर पडते.

छंदोबद्ध

वा! मी आयुष्यभर ओळीच्या शेपटीकडे बघत राहिलो. ‘धातू’चं बरोबर आहे, मार्जार वरूनच मांजर. आणि ताई, अष्टाक्षरी घ्या. ओळीला आठ अक्षरं, लहान पोरांच्या एका श्वासात बसतात.

गंगावेशचा गडी

ताई, गाणं झालं की हितंच टाका. माझ्या पोराला शिकवतो.

मंगळवारपेठकरीण

झालं. ‘घुरूघुरू’ मी पोरांकडूनच घेतलं. वर्गात मनीला मध्ये बसवलं, एकेकाला तिच्या पाठीला कान लावायला सांगितलं आणि विचारलं, काय ऐकू येतंय? तीन पोरं ‘घूंऽऽ’ म्हणाली, एक ‘रिक्षा’ म्हणाला, आणि बाकीची घुरूघुरू. गुरगुर कुणीच म्हणालं नाही.

निपाणीच्या दादांचा ‘र’ दुसऱ्या कडव्यात चारही ओळींना सांभाळलाय. पहिल्यात नाही जमला, तिथं मला ‘दळाया-मळाया’ सोडवेना.

घुरूघुरू घुरूघुरू,
मनी बसली दळाया;
नाही दाणा, नाही जातं,
पीठ कुठलं मळाया?

घुरूघुरू उशापाशी,
पुरे झालं म्यावम्याव;
सुरू झालं तिचं जातं,
दारी झोपी गेलं गाव.

आजच्या पोरांनी जातं बघितलेलं नाही, म्हणून माळ्यावरचं आजीचं जातं खाली काढलं. खुंटा ढिला झाला होता, तो नवा ठोकून घेतला. मूठभर तांदूळ घातले आणि प्रत्येकाला दोन-दोन फेरे दिले. दळणकांडण ताई, एक पोरगी दगडाला गाल लावून बसली होती, उठायलाच तयार नव्हती.

संध्याकाळी भाची घरी आली. मनी खिडकीत झोपली होती. पोरगी आपणहून तिच्याजवळ गेली, पाठीवर तळहात ठेवला आणि वाट बघत उभी राहिली. मनी चालू झाली. मग बाहेर कुणाचं तरी भांडं पडलं, मनीने कान टवकारले आणि गप्प झाली. भाची माझ्याकडे वळून म्हणाली, “आत्ती, दळण थांबलं. मी परत चालू करतो, थांब.” आणि हात न काढता गाणं म्हणायला लागली.